तानसाचं पाणी, अचलपूरचा डास आणि एका प्रथिन-घराण्याचं देवक

१८९२ साली तानसा धरण पूर्ण झालं आणि शहापूरचं पाणी मुंबईला निघालं. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०१ साली, वऱ्हाडातल्या अचलपुरात एका इंग्रज डॉक्टरानं एका डासाला नाव दिलं. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे मात्र तो इतका घट्ट जुळला की आजही मुंबईत पालिकेचा माणूस गच्चीवर चढून टाकीचं झाकण तपासतो, तो याच दोन घटनांमुळे.

मी मुरबाड भागात प्राणिशास्त्र शिकवते. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. वर्गीकरणाचा धडा आला की मुलं जांभया देतात. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती... पाठ करा, लिहा, विसरा. त्यांना वाटतं, वर्गीकरण म्हणजे कपाटात फायली लावणं. म्हणून मी त्यांना डासांच्या वर्गीकरणाची गोष्ट सांगते. कारण या गोष्टीत फाईल चुकीच्या कप्प्यात गेली की माणसं तापानं फणफणतात.

पहिली पायरी: डास म्हणजे कोणता डास?

ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. त्याला डासांची शास्त्रीय नावं फारशी ठाऊक नव्हती. ठिपकेदार पंखांचा तपकिरी डास, अशी त्याची नोंद. पण हिवताप डासामुळे होतो हे सिद्ध झाल्यावर पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला: कोणत्या डासामुळे? सगळेच डास दोषी, की त्यातले थोडेच?

हा प्रश्न घेऊन भारतभर लष्करी डॉक्टर डबकी उपसत फिरू लागले. त्यातला एक विल्यम ग्लेन लिस्टन. त्याची नेमणूक होती तेव्हाच्या एलिचपुरात, म्हणजे आपल्या अचलपुरात. तिथल्या वर्षभराच्या निरीक्षणांवर त्यानं १९०१ साली लेख लिहिला आणि त्यात एका नव्या डासाचं वर्णन केलं. हिवतापावर काम करणाऱ्या स्टीफन्स या संशोधकाच्या नावावरून डासाचं नाव पडलं अॅनोफिलिस स्टीफेन्सी. हाच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आला आणि उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे दाखवून देणाऱ्यांत त्याचं नाव झालं.

त्याच वर्षी नर्मदाकाठच्या होशंगाबादहून आलेल्या एका डासाचंही बारसं झालं. तो अॅनोफिलिस क्युलिसिफेसीस. पुढच्याच वर्षी फ्लुविएटिलिस हे तिसरं नाव नोंदलं गेलं. ही तिन्ही नावं लक्षात ठेवा. स्टीफेन्सी हा विहिरी, हौद आणि टाक्यांचा डास. क्युलिसिफेसीस शेत, कालवा, खड्डा अशा ठिकाणचा, गावाकडचा. फ्लुविएटिलिस डोंगराच्या पायथ्याशी झुळझुळणाऱ्या ओढ्यांचा. नुसत्या डोळ्यांना तिघं जवळपास सारखेच. पंखांवरचे ठिपके आणि सोंडेजवळच्या पट्ट्या भिंगाखाली मोजल्या, तरच ओळख पटते.

मुंबईच्या विहिरी

आता तानसाकडे येऊ. तानसाचं पाणी येण्यापूर्वी मुंबईला विहार आणि तुळशीचं पाणी होतं, पण वाढत्या शहराला ते पुरेना. तानसानं नळ भरले. तरीही वाड्यांतल्या विहिरी काही बुजल्या नाहीत. शतकभर पाणी देणारी विहीर नळ आला म्हणून कोण टाकून देईल? शिवाय घरोघरी हौद आणि टाक्या आल्या, कारण नळ काही चोवीस तास वाहत नसे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोट भागात आणि गोदीच्या परिसरात हिवतापानं थैमान घातलं. सरकारनं चार्ल्स बेंटली यांना चौकशीसाठी आणलं. १९११ साली त्यांचा अहवाल छापून आला. निष्कर्ष स्पष्ट होता. मुंबईतला मुख्य गुन्हेगार दलदलीतला किंवा गटारातला डास नव्हता. तो होता लिस्टनचा स्टीफेन्सी, आणि तो वाढत होता स्वच्छ पाण्यात: विहिरींत, हौदांत, टाक्यांत.

वर्गीकरणाची किंमत इथे कळते. डास म्हणजे डास असं मानलं असतं, तर पालिकेनं सगळा पैसा गटारं साफ करण्यात घातला असता. गटारं साफ करणं चांगलंच, पण त्यानं हिवताप हटला नसता. नाव कळलं म्हणून घर कळलं, आणि घर कळलं म्हणून दार कुठे लावायचं ते कळलं.

पालिकेनं विहिरी बुजवायला आणि झाकायला सुरुवात केली, आणि शहर पेटून उठलं. पारशांना धर्मकार्यासाठी विहिरीचं पाणी हवं होतं, अनेक हिंदूंनाही पूजेला नळाचं पाणी चालत नव्हतं. पाण्यावर ऊन आणि चांदणं पडलं पाहिजे, असंही काहींचं म्हणणं. शेवटी बऱ्याच ठिकाणी तडजोड झाली: विहिरीवर झाकण, झाकणात पोहरा जाईल एवढी जाळीची झडप. पालिकेत अधिकारी असलेले रुस्तम मसानी यांना हा वाद जवळून पाहता पाहता विहिरींच्या लोककथांनी इतकं ओढून घेतलं की १९१८ साली त्यांनी त्यावर अख्खं पुस्तक छापलं. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही जागेवर आहे, वर घुमट घेऊन.

भिंतीवरचा शिक्का

शहराचं निभावलं. गावाचं काय? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर झाकायला विहिरी कमी आणि ओढे फार. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्यावर कोणी झाकण घालू शकत नाही.

मग आलं डीडीटी. पॉल म्युलरनं १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६ पासून कारवार आणि धारवाड भागात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम चालवली. युक्ती साधी होती. डास चावल्यावर जड होतो आणि जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीवर विष असेल तर तो पुढच्या माणसाला चावायला उरत नाही. निकाल इतके चांगले आले की १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचं नाव 'नियंत्रण' बदलून 'निर्मूलन' झालं.

माझी आजी त्या फवाऱ्याबद्दल सांगायची. खाकी कपड्यातली माणसं पाठीला पंप लावून यायची, भांडीकुंडी अंगणात काढायला लावायची, आणि जाताना दाराशी तारखेचा शिक्का मारून जायची. पहिल्या वर्षी ढेकूणही मेले म्हणून बायका खूश. पुढे ढेकूण मरेनात आणि फवारा नकोसा झाला. कारवीच्या कुडाला सण आला की शेणामातीनं सारवायचं, हा रिवाज. एकदा सारवलं की खालचं डीडीटी गाडलं गेलं. डास बसायचा तो ताज्या सारवणावर.

तरी आकडे पाहाल तर चक्रावून जाल. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. साठच्या दशकाच्या मध्यात रुग्ण साधारण लाखावर आले. आणि १९७६ साली? चौसष्ट लाखांहून जास्त.

काय बिघडलं? पैसा कमी पडला, डीडीटी वेळेवर पोचेना, यंत्रणा सैलावली, परजीवीवर क्लोरोक्विन चालेना. हे सगळं खरं. पण एक कारण डासाच्या अंगातच होतं. १९५९ साली पंचमहाल जिल्ह्यातून बातमी आली की क्युलिसिफेसीस डीडीटीला जुमानेनासा झालाय. पंचमहाल तेव्हा मुंबई राज्यात होता, ठाण्यासारखाच. म्हणजे 'निर्मूलन' शब्द लिहून वर्ष उलटलं नाही, तोच आपल्याच राज्यातल्या डासानं त्याला उत्तर दिलं होतं.

दुसरी पायरी: एकाच नावाचे पाच

१९८० च्या आसपास आणखी एक धक्का बसला. क्युलिसिफेसीसच्या पेशींतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर त्यांच्या पट्ट्या दोन वेगळ्या प्रकारच्या निघाल्या, आणि दोन्ही प्रकार एकाच गावात राहूनही आपसांत संकर करत नव्हते. म्हणजे ज्याला आपण एक डास समजत होतो ते दोन होते. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम नेटानं नेलं. आज या एका नावाखाली पाच प्रजाती मोजतात, ए ते ई.

बाहेरून पाचही जुळे. वागणं मात्र निराळं. 'बी' बहुतेक करून गुरांना चावतो आणि हिवताप पसरवण्यात कच्चा. 'ए' त्या मानानं पक्का वाहक. गंमत अशी की 'ए' डीडीटीला 'बी'पेक्षा लवकर बळी पडत होता. आता समजा तुम्ही एखाद्या गावातले डास पकडले, डीडीटी लावलेल्या कागदावर ठेवले आणि बरेचसे जगले. तुम्ही लिहाल: डीडीटी निकामी. पण जगलेले जर बहुतेक 'बी' असतील, तर ज्याला मारायचं होतं तो मरतच होता! एका नावाखाली पाच जण असले की सरासरी खोटं बोलते.

तिसरी पायरी: पेशीच्या दारावरचे हमाल

इथपर्यंत आपण डासांची घराणी पाहिली. आता डासाच्या आत जाऊ. विष अंगात गेल्यावरही डास मरत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

उत्तरं अनेक आहेत. काही डासांत विष ज्या मज्जातंतूच्या कुलपाला चिकटतं, ते कुलूपच बदललेलं असतं. काहींत विष तोडणारी विकरं भरमसाट बनतात. काहींची कातडी जाड होते. आणि काहींमध्ये पेशीच्या आवरणात बसलेली वाहक प्रथिनं विष किंवा त्याचे तुकडे उचलून बाहेर टाकतात. या हमालांचं सर्वांत मोठं घराणं म्हणजे एबीसी वाहक. एटीपी हे पेशीचं इंधन. ते जाळून ही प्रथिनं माल इकडून तिकडे नेतात, म्हणून हे नाव.

यांचा शोध डासात लागला नाही. १९७६ मध्ये टोरंटोत ज्युलियानो आणि लिंग हे हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी कोल्चिसिन नावाच्या विषात वाढवत होते. पावसाळ्यात आपल्या डोंगरात लालपिवळी फुलणारी कळलावी माहिती असेल. तिच्या कंदात हेच विष असतं. काही पेशी मरेनात. त्यांच्या आवरणावर एक प्रथिन भरपूर सापडलं. नवल म्हणजे या पेशी कधीही न पाहिलेल्या इतर औषधांनाही दाद देईनात. कॅन्सरची औषधं का हरतात, याचा एक धागा तिथे मिळाला. ऐंशीच्या दशकात जिवाणूंमध्ये अन्न आत ओढणारी प्रथिनं वाचली गेली आणि त्यांचा एक भाग या पेशींतल्या प्रथिनाशी जुळला. एक माल बाहेर फेकतो, दुसरा आत आणतो, पण घराणं एकच.

हे नातं कसं ओळखतात? आपल्याकडे आडनावावरून नातं सांगता येत नाही. एकाच आडनावाची माणसं परकी निघतात आणि वेगळ्या आडनावांची भाऊबंद. पण लग्न जमवताना म्हातारी माणसं देवक विचारतात. आडनाव गावोगाव बदललं तरी देवक सहसा बदलत नाही. एबीसी प्रथिनांचं देवक म्हणजे इंधन जाळणाऱ्या भागातली पाच अमिनो आम्लांची एक ओळ: एल, एस, जी, जी, क्यू. प्रथिनाचा बाकीचा भाग कोट्यवधी वर्षांत कितीही बदलो, ही ओळ जवळपास तशीच राहते. जिवाणूत तीच, कळलावीत तीच, तुमच्या यकृतात तीच.

याच भागाच्या तुलनेवरून घराण्याच्या शाखा पाडल्या: माणसात ए ते जी अशा सात. फळमाशीचा जीनोम वाचला तेव्हा आठवी शाखा सापडली, एच, जी माणसात नाहीच. २००२ साली आफ्रिकेतल्या गँबिए या हिवताप-डासाचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या एबीसी जनुकांची यादी आली. पहिल्या मोजणीत ४४. माणसात ४८, फळमाशीत ५६. अचलपूरच्या स्टीफेन्सीचा जीनोम २०१४ मध्ये आला.

यादी करणं सोपं, नाती लावणं अवघड. दोन प्रकारची नाती असतात. एक, चुलतभावांसारखं: मूळ जनुक एकच, प्रजाती वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकीत त्याचा एक वारस उरला. ई आणि एफ शाखा अशा. त्या खरं तर मालवाहतूक करतच नाहीत, पेशीत प्रथिनं तयार करण्याच्या कामात हातभार लावतात, आणि जवळपास सगळीकडे सारख्याच असतात. दुसरं नातं एकाच घरातल्या भावांसारखं: एखाद्या वंशात जनुकाच्या प्रती वाढतात आणि प्रत्येक प्रत वेगळा धंदा शिकते. कीटकांत सी आणि जी शाखांचं असंच झालेलं दिसतं. विषाशी झगडण्याचं नवं कसब शोधायचं तर संशोधक आधी या वाढलेल्या शाखांकडे पाहतात.

जी शाखेची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१० साली टॉमस हंट मॉर्गनला लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली आणि तिच्यातून आधुनिक आनुवंशशास्त्र उभं राहिलं. ते बिघडलेलं जनुक जी शाखेतल्या वाहकाचं होतं. डोळ्याचा रंग वाहून नेणारा हमालच कामावर नव्हता!

२०१४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी स्टीफेन्सीच्या अळ्यांवर पर्मेथ्रिन वापरलं. मच्छरदाण्यांना लावतात तेच कीटकनाशक. विष लागताच काही एबीसी जनुकं जोरात चालू झाली. सोबत वेरापामिल दिलं, म्हणजे रक्तदाबावरचं जुनं औषध, जे या हमालांना अडवतं. तेव्हा तेवढ्याच विषात जास्त अळ्या मेल्या. म्हणून उद्या पाण्यात रक्तदाबाच्या गोळ्या टाकायच्या असं नाही. हे प्रथिन डासाच्या बचावातला एक हात आहे, आणि बहुतेक वेळा मुख्य नव्हे, सोबतीचा. पण सोबतीच कोण आहे हे कळलं, तर मुख्य हात दुबळा करता येतो.

इथे नावांची काळजी का, ते पाहा. हेच घराणं माणसातही आहे. डासाच्या हमालाला अडवणारं रसायन आपल्या यकृतातल्या हमालालाही अडवू शकतं. हिवतापाच्या परजीवीतही याच देवकाचं प्रथिन आहे, आणि त्याचा औषधांना दाद न देण्याशी संबंध आहे. माणूस, डास, परजीवी: तिघांच्या दारावर एकाच कुळाचे हमाल. कोण कोणाचा जवळचा आणि कोण लांबचा, हे नीट लावल्याशिवाय नेम धरता येत नाही. एच शाखेकडे संशोधकांचं लक्ष जातं ते म्हणूनच. ती आपल्यात नाही.

आज, पिंपाच्या काठावर

अचलपुरात नाव मिळालेला डास आता समुद्र ओलांडून गेलाय. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला, नंतर इथिओपियात. आफ्रिकेचा हिवताप मुख्यतः खेड्यांचा होता. टाकीत वाढणाऱ्या या डासामुळे तो शहरांत शिरतोय, आणि २०२२ मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात त्यानं साथ पसरवली. मुंबईनं १९११ मध्ये जे शिकलं ते तिथली शहरं आता शिकतायत.

आणि तानसाच्या काठी? तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा: मुंबईची मोठी धरणं आमच्या भागात आहेत. तरी एप्रिल-मे आला की शहापूरच्या कित्येक पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहतात. टँकर रोज येत नाही. म्हणून पाणी साठवावं लागतं. पिंप, हंडे, सिमेंटच्या टाक्या, जे असेल ते. साठवलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या एडिसचं आणि आपल्या ओळखीच्या स्टीफेन्सीचं घर.

आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासा. सल्ला शास्त्राला धरून आहे, कारण अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पण उद्या टँकर येईल याची खात्री नसलेल्या बाईला पिंप ओतायला कसं सांगायचं? मी वर्गात मुलांना सांगते: घट्ट झाकण, नाहीतर जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं दोरीनं करकचून बांधा. मुंबईच्या विहिरींवर शंभर वर्षांपूर्वी बसवलेल्या झडपेचीच ही गरीब बहीण.

प्रयोगशाळेतले लोक प्रथिनांची वंशावळ लावत राहतील, आणि ती लावलीच पाहिजे. डास नवं विष पचवायला शिकतो तेव्हा काय बदललं हे तीच सांगेल. पण या इतिहासातून मला एक गोष्ट पक्की कळते. प्रत्येक पायरीवर आपण डासाचं नाव अधिक बारकाईनं शिकलो: आधी प्रजाती, मग प्रजातीतल्या प्रजाती, मग जनुकं. पाण्याच्या बाबतीत तेवढा बारकावा अजून शिकलेलो नाही. कोणाच्या घरात डास आहे याची यादी सरकारकडे असते. कोणाच्या घरात नळ नाही म्हणून तो डास आहे, हा रकाना त्याच यादीत त्याच्या शेजारी यायला हवा.